तुम्ही विचारलंत म्हणून: लिहिलेली कथा दाखवायची कोणाला?

मालवणात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं, तहसीलचे अर्ज, आणि मे संपत आला की हाताने लिहिलेल्या कथा, कारण दिवाळी अंकांना साहित्य पाठवायची घाई सुरू झालेली असते. मी स्वतःही थोडंफार लिहिते, काही छापून आलंय, हे गावात माहीत आहे. त्यामुळे प्रिंटआउट घेताना, सुट्टे पैसे मोजताना, जाता जाता हमखास विचारलं जातं, "ताई, ही कोणाला तरी दाखवायची होती, खरं सांगणारं कोणी आहे का?" दर वेळी काउंटरवर उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देते, म्हणून आता एकदा बसून लिहिते.

आधी घरचे. घरच्यांना दाखवा, दाखवल्याशिवाय राहवणार नाहीच, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. फॅमिली ग्रुपवर टाकलीत की पाच मिनिटांत अंगठे, फुलं आणि "अभिनंदन, असंच लिहीत राहा" येतं, आणि त्यातल्या अर्ध्या लोकांनी फाइल उघडलेली पण नसते. ज्यांनी उघडली ते कथा वाचत नाहीत, तुम्हाला वाचतात. कथेत खाष्ट सासू आली की आत्याचा फोन येणार, ही आमची वहिनी काय गो? मग पुढचा अर्धा तास त्याच्यावरच.

दुसरं म्हणजे आपण प्रश्नच असा विचारतो की त्याला उत्तर एकच. "कशी वाटली?" म्हटलं की समोरचा "छान" म्हणणार, अजून काय म्हणेल बिचारा, उद्या सकाळी मासळी बाजारात परत तोंड बघायचंय. त्याऐवजी विचारा, कुठे कंटाळलात, कुठे मागे जाऊन परत वाचावं लागलं, वाचता वाचता मोबाईल कधी हातात घेतलात. याची उत्तरं द्यायला कोणी साहित्यिक असावं लागत नाही आणि कोणाचं मनही दुखत नाही. ह्याच्याही पुढची एक युक्ती मी वापरते, दोन दिवसांनी त्या माणसाला म्हणायचं, गोष्ट काय होती ती जरा तुमच्या शब्दांत सांगा बघू. सांगताना तो जे गाळतो ते त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं, मग तुम्ही त्याच्यावर दोन पानं खर्च केलेली का असेनात. आणि मधेच थांबून "पण तो असं का वागला ते काय कळलं नाही बाबा" म्हणाला की तिथे पेन्सिलने खूण करून ठेवायची.

एक उदाहरण देते, ज्याची कथा त्याला विचारून. कॉलेजातला मुलगा. कथेत बाप वारल्यावर मुलगा मुंबईहून येतो आणि आजोबांची कलमांची बाग एका रिसॉर्टवाल्याला विकून टाकतो, शेवटी रिकाम्या खळ्यात आई बसलेली, वगैरे. मित्रांनी सांगितलं शेवट पटला नाही, घाईघाईत उरकलाय. ह्याने शेवट बदलला. परत पटला नाही. परत बदलला, एकात आई बोलते, एकात रडते, एकात कलमाला मिठी मारते (ते मी टाइप करताना जरा हसलेच). मग त्याला म्हटलं, बाहेरच्या बाकावर कोण बसलेत बघ, त्यांना वाचून दाखव. बाकावर सातबाऱ्याच्या झेरॉक्ससाठी आलेले एक काका होते, त्यांनी मन लावून ऐकलं, आणि तिसऱ्या पानावर विक्रीचा व्यवहार आल्यावर हात वर करून थांबवलं. "मगे बाकीच्यांनी सह्यो केल्यानी?"

बस. कोकणात आजोबांच्या बागेच्या सातबाऱ्यावर एकच नाव कधी असतं का? चुलते, चुलत चुलते, वसईला राहणारी आत्या, गेलेल्या काकाचे वारस, सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय गिऱ्हाईक पुढे येत नाही, आणि त्या सह्या गोळा करण्यातच माणसं म्हातारी होतात. ह्याने ते एका वाक्यात उडवलेलं. इथल्या वाचणाऱ्याचा विश्वास तिथेच उडाला, पण त्याला तो नेमका कुठे उडाला ते सांगता येईना, म्हणून तो शेवटाला नावं ठेवत राहिला. मुलाने सह्या गोळा करायचा प्रवास घातला, आत्या सही द्यायला नकार देते तो प्रसंग आला, आणि मग शेवटाला हात लावायची गरजच पडली नाही, पहिलाच ठेवला. वाचणाऱ्याला टोचलं हे शंभर टक्के खरं धरा, पण तो बोट ठेवतो तिथेच काटा असेल असं नाही, चार पानं मागे जाऊन शोधा. आणि त्याने सुचवलेला उपाय तर बहुतेक वेळा सोडूनच द्या, तो त्याच्या डोक्यातली कथा सांगत असतो.

पण म्हणून फक्त इथल्यांनाच दाखवून चालत नाही. सह्यांची गोष्ट पुण्याच्या वाचकाच्या लक्षातही आली नसती, आणि इथल्या माणसाच्या लक्षात येणार नाही असं काहीतरी पुण्याचा वाचक सांगतो. सगळ्यात जास्त हे मालवणी संवादांच्या बाबतीत होतं. गावचा वाचक म्हणणार ही आमची मालवणी नाय, ही कुडाळची झाली, कारण गावागणिक आणि समाजागणिक बोली बदलते. पुण्याची मैत्रीण म्हणणार पहिल्या पानावर कोण कोणाला काय बोललं तेच कळेना गं. दोघंही बरोबर असतात. मी गाववाल्याचं ऐकून बोली नीट करते आणि पुणेवालीचं ऐकून आजूबाजूची वाक्यं अशी लिहिते की शब्द नाही कळला तरी भांडण चाललंय हे कळावं. संवाद प्रमाण मराठीत करून टाका असं मात्र कोणी सांगितलं तर हो हो म्हणायचं आणि घरी यायचं.

निवृत्त गुरुजी प्रत्येक गावात असतात, लाल पेन घेऊन ऱ्हस्व-दीर्घ सुधारून देतात, फार उपकार आहेत त्यांचे. पण ते काम सगळ्यात शेवटी. पहिल्याच खर्ड्याला लाल पेन लागला की आपण वेलांट्या नीट करत बसतो आणि जो प्रसंगच काढून टाकायचा होता तो शुद्ध होऊन तिथेच राहतो.

संपादक सांगेल ना, असं बरेच जण म्हणतात. एके काळी सांगायचे, खरंच. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी कथेबद्दल पत्रव्यवहार करायचे, पुन्हा लिहायला लावायचे, त्याच्या आठवणी कितीतरी लेखकांनी सांगितल्यात. त्याच सत्यकथेच्या अंकाची १९६९ साली तरुण लेखक-कवींनी होळीही केली होती, हेही लक्षात ठेवा, म्हणजे इतकी चोखंदळ नजरसुद्धा सगळ्यांना मानवणारी नव्हती. १९८२ ला ते मासिक बंद पडलं. 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ चा, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, आणि आज दिवाळी अंकाच्या संपादकाकडे इतकं साहित्य येतं की पूर्वीचं "साभार परत"सुद्धा येत नाही, नुसती शांतता. त्या शांततेचा अर्थ लावत बसू नका. कथा वाईट असेल, लांब असेल, त्या विषयावरची दुसरी आधी घेतलेली असेल, किंवा ईमेल उघडलीच नसेल. स्पर्धेचंही तेच, निकाल लागतो, का लागला ते कळत नाही.

आणि एक जमात आहे ती कधीच दोष काढत नाही, पैसे भरा पुस्तक काढून देतो म्हणणारी. हस्तलिखित पाठवलं की दोन दिवसांत "अप्रतिम" म्हणून फोन, आणि लगेच कोटेशन. स्वखर्चाने पुस्तक काढायला माझी ना नाही, पण ते अप्रतिम म्हणजे अभिप्राय धरू नका.

मग लिहिणारी माणसं शोधायची कुठे? कोकण मराठी साहित्य परिषद १९९१ पासून आहे, ठिकठिकाणी शाखा आहेत, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक त्यांनीच उभं केलं. शाखेच्या कार्यक्रमात कथा वाचून दाखवता येते. खरं सांगायचं तर स्टेजवरच्या वाचनाला टाळ्याच मिळतात, उपयोगाचं बोलणं नंतर चहाच्या वेळी होतं, तेव्हा लगेच घरी पळू नका. तिथे तुमच्यासारखंच धडपडणारं एखादं माणूस भेटलं की त्याची कथा आधी मागून घ्या आणि वाचून नीट सांगा. आपलं पुढे करण्याआधी दुसऱ्याचं वाचलं की ते माणूस आपलं तिप्पट लक्ष देऊन वाचतं, शिवाय दुसऱ्याच्या कथेतला पसारा दिसायला लागला की स्वतःचा दिसतोच. मला हे टाइप करता करता कळत गेलं, काही पानांवर बोटं आपोआप मंदावतात, आणि तिथे हमखास लेखक एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगत असतो.

सगळ्यांना एकदम मात्र वाटू नका. पहिलं वाचन प्रत्येकाचं एकदाच होतं, दुसऱ्या खर्ड्याला तो माणूस जुना झालेला असतो, त्याला तुम्ही गाळलेलं पण आठवत असतं. म्हणून दोघांना आत्ता, एक-दोन राखून. आणि ते बोलत असताना "नाही, म्हणजे मला तिथे असं म्हणायचं होतं" सुरू करायचं नाही, वहीत लिहून घ्यायचं, वाद घालावासा वाटला तरी. एकाने सांगितलं तर विचार करा, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी त्याच पानावर बोट ठेवलं तर ते पान परत लिहा.

राहिली वेळ. आंब्याच्या दिवसांत इथे कोणाला कथा दाखवू नका, पेट्या भरायच्या सोडून कोण वाचणार, आणि मेमध्ये चाकरमानी आलेले असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, माणसं पडवीत जाळी विणत बसलेली, लाइट गेलेले. हात कामात आणि कान मोकळे, वाचून दाखवायला यापेक्षा चांगली माणसं मिळायची नाहीत. शेतीवाल्यांकडे लावणी उरकल्यावर जा, त्याआधी नाही. आणि जुलै संपायच्या आत सगळं आटपा, कारण नारळी पौर्णिमा झाली की होड्या पाण्यात, मग गणपती, आणि तोवर अंकांची पानं लागलेली असतात.