बाविसाव्या दिवशीचा सर्च

ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात हल्ली लोक मोबाईलच पुढे करतात. "स्वतःत सुधारणा करायचीय, काहीतरी चांगलं शोधून द्या." अशा वेळी मी आधी सर्च हिस्ट्री दाखवायला सांगतो. तोंडी सांगण्यात जे राहून जातं ते तिथे असतं.

त्या दिवशी आलेल्या तरुणाची हिस्ट्री खालून वर वाचली. 'लवकर उठण्याचे फायदे', 'पहाटे 5 ला उठणे 21 दिवस', 'इच्छाशक्ती कमी का असते' आणि सगळ्यात वर 'मी आळशी आहे का'. गडी 21 दिवस नेमाने उठला होता. बाविसाव्या दिवशी गजर बंद करून झोपला आणि दोष स्वतःलाच लावून मोकळा झाला.

गोम दुसऱ्या सर्चमध्ये होती. 21 टाकलं की '21 दिवसांत सवय लागते' म्हणणारीच पानं वर येतात, एकमेकांची री ओढणारी. हा आकडा पसरला तो 1960 मधल्या एका प्लास्टिक सर्जनच्या पुस्तकावरून. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, एवढंच त्यांचं निरीक्षण. पुढे 'किमान' गळालं, चेहराही गळाला.

मग 'सवय लागायला किती दिवस' लिहून शेवटी -21 जोडलं, म्हणजे 21 असलेली पानं वगळली जातात. उणे चिन्हाआधी जागा हवी, नंतर नको. नाहीतर ते चालत नाही. मराठीत फारसं हाती लागेना, म्हणून गुगल स्कॉलरवर, म्हणजे शोधनिबंध शोधायच्या गुगलच्या पानावर, 'हॅबिट फॉर्मेशन' इंग्रजीत, अवतरणचिन्हांत टाकलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा 2010 मध्ये छापलेला अभ्यास मिळाला: 96 स्वयंसेवक, 12 आठवडे. सवय लागायला मध्यक 66 दिवस, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त; पल्ला 18 ते 254. (84 दिवसांच्या अभ्यासात 254 कुठून आले? सवय मुरत जाण्याचा प्रत्येकाचा आलेख गणिताने पुढे वाढवून. आणि 66 हा आकडा ज्यांच्या नोंदी त्या गणिती आलेखाशी नीट जुळल्या त्या 39 जणांचा. नुसता सारांश वाचला की हे निसटतं.) या तरुणाच्या कामाची ओळ वेगळीच होती: एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही.

आता 'आळशी' काढून नेमकं काय होतं ते लिहायला सांगितलं. 'गजर वाजतो, जाग येते, उठवत नाही.'

"झोपतोस किती वाजता?"

"साडेबारा."

प्रौढ माणसाला निदान 7 तास झोप लागते. याला मिळत होती साडेचार. अख्ख्या हिस्ट्रीत 'झोप' हा शब्दच नव्हता. 'रात्री लवकर झोप येत नाही' असा नवा सर्च केला. वरच्या दोन लिंक गाद्या विकणाऱ्यांच्या निघाल्या, त्या सोडून तिसरी उघडली.