दाणेदार भांडण

एखाद्या जुन्या कल्ट, म्हणजे मोजक्या पण कट्टर चाहत्यांनी डोक्यावर घेतलेल्या, चित्रपटाची नवी डिस्क येणार अशी बातमी फुटली की चाहत्यांना आनंद होत असेल, असा बाहेरच्यांचा समज असतो. होतो की. साधारण पाच मिनिटं होतो. मग कोणीतरी खडा टाकतो, ‘स्कॅन मूळ निगेटिव्हवरून केलंय, की जुनंच मास्टर पुन्हा खपवतायत?’ दुसरा विचारतो, ‘कट कुठला, म्हणजे कुठली आवृत्ती?’ तिसरा जुन्या एकाच वाहिनीच्या ध्वनीची, म्हणजे मोनो ट्रॅकची, चौकशी करतो, चौथ्याला कव्हरवरचं चित्र पसंत नसतं, आणि बघता बघता हमरीतुमरी सुरू होते. डिस्क अजून छापून बाहेरही पडलेली नसते, पण ती घेणं हा गुन्हा की न घेणं हा, यावर दोन तट पडलेले असतात. गंमत म्हणजे दोन्ही तट शेवटी ती घेतातच.

मीही याच गोतावळ्यातला. माझा आवाज जरा कमी चढतो, एवढाच फरक.

कल्ट चित्रपट बहुधा पहिल्या फेरीत आपटलेले असतात. २५ जून १९८२ या एकाच दिवशी अमेरिकेत ‘ब्लेड रनर’ आणि ‘द थिंग’ प्रदर्शित झाले. दोनच आठवड्यांपूर्वी ‘ई.टी.’ आला होता आणि प्रेक्षक त्या परग्रहावरच्या गोंडस पाहुण्याला कुशीत घेऊन बसले होते. त्यांना ना रिडली स्कॉटचं पावसात भिजलेलं काळंकुट्ट शहर हवं होतं, ना जॉन कार्पेंटरचा माणसाच्या आत दडून बसणारा राक्षस. दोन्ही पडले. पुढे त्यांना हात दिला तो व्हिडिओ कॅसेटनी. म्हणजे या चित्रपटांच्या बहुसंख्य भक्तांनी ते थिएटरात पाहिलेच नाहीत. त्यांनी ते चौकोनी टीव्हीवर पाहिले, दोन्ही बाजू कापलेल्या, रंग विटलेले, मधूनच टेप ओढल्यासारखी पट्टी सरकणारी. आणि त्या अवस्थेत ते त्यांच्या प्रेमात पडले. आता या माणसाला ‘मूळ चित्रपट जसाच्या तसा देतोय’ असं सांगितलं, तर त्याच्या डोळ्यांसमोर नेमकं कुठलं मूळ येणार?

‘ब्लेड रनर’पुरतं बोलायचं तर मूळ शोधायला गेलेला माणूस दमून परत येतो. प्रेक्षकांना कथा कळणार नाही अशी धास्ती घेऊन निर्मात्यांनी हॅरिसन फोर्डचं निवेदन घातलं आणि शेवटी नायक-नायिका मोटारीतून हिरव्या डोंगरांकडे निघाल्याचं गोड टोक जोडलं. ते डोंगर मुळात कुब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी हेलिकॉप्टरमधून टिपलेले, न वापरता उरलेले. १९९२च्या डायरेक्टर्स कटमध्ये निवेदन गेलं, डोंगर गेले, युनिकॉर्नचं स्वप्न आलं. २००७मध्ये फायनल कट आला, आणि त्याच वर्षी पाच डिस्कचा एक संच निघाला, ज्यात वर्कप्रिंटपासून (प्रदर्शनाआधीची कच्ची प्रत) फायनल कटपर्यंत पाचच्या पाच आवृत्त्या होत्या. माझ्या मते या क्षेत्रातलं हे सगळ्यात शहाणं काम. ज्याला जो हवा तो त्याने बघावा. अर्थात त्यामुळे भांडण मिटलं नाही. पाच आवृत्त्या हाताशी आल्यावर ते अधिक अभ्यासपूर्ण झालं.

त्यातला एक प्रसंग मी पुन्हा पुन्हा बघतो. झोरा ही रेप्लिकंट, म्हणजे कृत्रिम माणूस, पारदर्शक रेनकोट घालून दुकानांमधून पळते आणि एकामागून एक काचा फोडत जाते. मागून नायक डेकर्ड (हॅरिसन फोर्ड) गोळ्या झाडतो. १९८२च्या प्रिंटमध्ये काचा फोडणारी बाई ही झोराचं काम करणारी जोॲना कॅसिडी नाही, हे शेवटच्या रांगेतूनही कळतं. चेहरा वेगळा, विग तर सरळसरळ टोपीसारखा बसलेला. फायनल कटसाठी कॅसिडीला पंचवीस वर्षांनी बोलावलं, तिच्याकडून त्याच हालचाली करून घेतल्या आणि तिचा चेहरा संगणकावर त्या स्टंटवाल्या बाईच्या धडावर बसवला. काम इतकं सफाईदार की सांगितल्याशिवाय कळू नये. ‘शेवटी एकदाची चूक सुधारली’ असं म्हणणारे माझे मित्र आहेत आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. पण काचांमध्ये स्वतःला झोकून देणारी बाई ती दुसरी होती. तिचं अस्तित्व पडद्यावर जेमतेम त्या विगपुरतं होतं, तेही पुसलं गेलं. म्हणून कधीकधी मुद्दाम जुनी आवृत्ती लावून मी तो वाईट विग बघतो.

उडत्या गाडीला उचलणाऱ्या तारा फायनल कटमध्ये पुसल्या, त्याबद्दल मात्र मला काडीचं वाईट वाटलं नाही. चाहत्याकडून सुसंगतीची अपेक्षा ठेवू नये.

पडद्याच्या आकाराचा वाद तुलनेने सोपा. टीव्ही चौकोनी होते तेव्हा रुंद चित्राच्या बाजू छाटत, नाहीतर वरखाली झाकलेला भाग उघडा करून चौकट भरत. या दुसऱ्या प्रकाराची मजा ‘पीवीज बिग ॲडव्हेंचर’मध्ये बघावी. पीवी सायकलच्या चिमुकल्या पेटीतून कुलपाची साखळी ओढत राहतो, आणि ती संपतच नाही. विनोद एवढाच. जुन्या व्हिडिओवर चौकट खालून उघडी झाली आणि साखळी पेटीच्या बुडातून वर येताना दिसू लागली. एवढ्या एका उदाहरणावर, रुंद चित्र पूर्ण दाखवताना वरखाली येणाऱ्या काळ्या पट्ट्यांचा मुद्दा निकालात निघायला हवा, पण ‘माझ्या टीव्हीचा अर्धा पडदा वाया का घालवता?’ असं विचारणारा अजूनही भेटतो. त्याच्याशी वाद घालू नये. युरोपातल्या जुन्या डीव्हीडींची तऱ्हा आणखी न्यारी. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट तिथे २५च्या वेगाने पळवत, त्यामुळे ११७ मिनिटांचा चित्रपट ११२ मिनिटांत उरकायचा आणि सगळे जण किंचित चढ्या आवाजात बोलायचे. वर्षानुवर्षं त्या आवाजाची सवय झालेल्यांना खरा आवाज आजारी वाटतो.

खरी लढाई मात्र ग्रेनवर, म्हणजे चित्रातल्या दाण्यांवर. फिल्मवर चित्र उमटतं ते चांदीच्या क्षारांच्या अतिसूक्ष्म कणांमुळे. रंगीत फिल्म धुताना चांदी निघून जाते आणि रंगाचे बारीक ठिपके मागे राहतात. दर चौकटीत हे दाणे वेगळ्या जागी असतात, म्हणून स्थिर भिंतसुद्धा पडद्यावर हलकी सळसळत असते. फिल्मचं सगळं चित्र या दाण्यांचंच बनलेलं आहे. त्यावर दुसरं काही पसरलेलं नाही. पण नवा मोठा टीव्ही घेतलेल्या माणसाला ती घाण वाटते. त्याची समजूत काढण्याऐवजी कंपन्या डीएनआर, म्हणजे दाणे पुसणारं सॉफ्टवेअर, फिरवतात, आणि सॉफ्टवेअरला दाणा कुठला आणि त्वचेवरचं रंध्र कुठलं हे कळत नाही. दोन्ही सपाट. २०१०मध्ये ‘प्रेडेटर’ची ‘अल्टिमेट हंटर एडिशन’ आली तेव्हा हे जगाला दिसलं. श्वार्झनेगर जंगलात चिखलाघामाने माखलाय, भोवती पानन् पान ओलं आहे, आणि त्याचा चेहरा मेणाच्या पुतळ्याचा. ही डिस्क आमच्यात आता दाखला म्हणून वापरली जाते. नव्या डिस्कबद्दल ‘प्रेडेटर झालाय’ एवढं कोणी म्हटलं की पुढचं ऐकायची गरज नसते.

यात पैशांचा आणि जागेचाही भाग आहे. दाणे कुठे पडतील याला नियम नाही, म्हणून ते दाबून बसवायला जागा भरपूर लागते. जास्त बारीक तपशील दाखवणाऱ्या फोर-के डिस्कवर १०० जीबीपर्यंत जागा असते. स्ट्रीमिंगला काटकसर करावी लागते, म्हणून तिथे अंधाऱ्या दृश्यात ढेकळं दिसतात.

२०२४मध्ये जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’, ‘द अबिस’ आणि ‘ट्रू लाइज’च्या फोर-के डिस्क आल्या. एआयच्या मदतीने चित्र धारदार केलेलं. लोकांनी केस, कान, मागच्या गर्दीतले चेहरे असं एकेक तपासायला घेतलं आणि बोंब ठोकली. कॅमेरॉनने मुलाखतीत सुनावलं की ग्रेनची समीक्षा करणाऱ्यांनी आईच्या तळघरातून बाहेर पडून चार माणसांत मिसळावं. टोला झणझणीत होता आणि थोडा वर्मी लागणाराही. थांबवलेल्या चौकटी शेजारी शेजारी लावून, चौपट मोठ्या करून, भुवयांचे केस मोजणारी माणसं मी जवळून ओळखतो. चित्रपट ही हलती गोष्ट आहे, याचा त्यांना कधीकधी विसर पडतो. पण दिग्दर्शकाने स्वतः मंजूर केलंय, मग तुम्ही कोण, हा युक्तिवाद मला पटत नाही. तिशीत ज्या माणसाने तो चित्रपट केला, तो आता सत्तरीत आहे. त्याचे डोळे वेगळे, आवड वेगळी, हातातली हत्यारं वेगळी. त्याला नवा चित्रपट करायची मुभा आहेच. जुना बदलायचा असेल तर तोही बदलावा, फक्त आधीचा बाजारातून उचलू नये. एका डिस्कची जास्तीची जागा, बाकी मागणं काय आहे?

रंगांच्या बाबतीत तर आपण सगळेच खोटे साक्षीदार. ‘द मेट्रिक्स’ हिरवा आहे, हे कोणालाही विचारा. १९९९मध्ये थिएटरात तो हिरवेपणा बराच सौम्य होता. पुढचे भाग आल्यावर त्यांच्याशी जुळावा म्हणून व्हिडिओवर तो गडद करण्यात आला, आणि लोकांच्या आठवणीत तोच बसला. २०१८च्या फोर-के डिस्कसाठी छायालेखक बिल पोप यांच्या देखरेखीखाली तो पुन्हा उतरवला, तर तक्रार आली की आमचा हिरवा रंग कुठे गेला! थिएटरात अनेकदा पाहिल्याची शपथ घेणारेही त्यात होते.

ध्वनीवाल्यांची शाखा छोटी पण कडवी. १९८४चा ‘द टर्मिनेटर’ मोनो होता. पुढे त्याचं ५.१, म्हणजे चहूबाजूंनी येणारा ध्वनी, करताना बंदुकांचे आवाजच बदलले. चित्राबद्दल चकार शब्द न काढणारी माणसं त्या गोळीच्या आवाजासाठी जुन्या लेझरडिस्क जपून ठेवतात. आणि ज्यांना चित्र नको की ध्वनी नको, फक्त स्लिपकव्हरचे, म्हणजे डिस्कच्या डबीवरच्या पुठ्ठ्याच्या आवरणाचे, कोपरे दुमडलेले नकोत, अशांचीही एक शाखा आहे. त्यांच्या डिस्कवरचं वेष्टन उघडलेलंच नसतं. त्यामुळे ट्रान्सफर, म्हणजे फिल्मवरून डिस्कवर उतरवलेलं चित्र, कसं आहे, यावर त्यांचं मत सगळ्यात ठाम.

राहता राहिला ‘द फ्रेंच कनेक्शन’. याला कल्ट म्हणावं का, हा वेगळा वाद. त्याने ऑस्कर मिळवलं होतं. २००९मध्ये दिग्दर्शक विल्यम फ्रिडकिन यांनी ब्लू-रेसाठी त्याचे रंग नव्याने केले: आधी चित्र कृष्णधवल करून त्यावर रंगाचा विरघळल्यासारखा थर चढवला. चित्र फिकट आणि जांभळट झालं. छायालेखक ओवेन रॉइझमन यांनी जाहीरपणे त्याचा धिक्कार केला. दोघंही चित्रपटाचे बाप, आणि दोघांचं एकमेकांशी पटेना. काही वर्षांनी नव्या डिस्कवर जुन्या वळणाचे रंग परत आले आणि २००९ची डिस्क शेल्फच्या मागच्या रांगेत गेली. आमच्यातल्या काहींनी ती मिळेल त्या भावात काढूनही टाकली.

मग २०२३ साली कोणाच्या तरी लक्षात आलं की स्ट्रीमिंगवरच्या प्रतीत सुरुवातीकडचा एक छोटा तुकडाच नाही. चित्रपटाचा नायक असलेल्या पोलीस पोपाय डॉयलच्या तोंडी वंशद्वेषी शिवी आहे तो. काही सेकंदांचा. सूचना नाही, पाटी नाही. तुकडा गायब आणि चित्रपट पुढे चालू. ती शिवी ओंगळच आहे, आणि म्हणूनच ती तिथे होती: हा पोलीस कोण आहे, हे ती सुरुवातीलाच सांगते. हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते ज्यांना चित्रपट चौकटीनिशी पाठ असतो त्यांच्याच. खात्री करायला त्यांनी शेल्फवरच्या डिस्क काढल्या. त्या जांभळट डिस्कवर तो तुकडा शाबूत होता. रंगांबद्दलचं माझं मत अजून तेच आहे, पण ती डिस्क आता मी कोणाला उसनी देत नाही.