मुलीच तर पुढे आहेत, मग?

दहावीचा निकाल लागला की कुणीतरी विचारतंच, "बाई, मुलीच तर बाजी मारतात हल्ली. मग त्यांच्यासाठी वेगळ्या योजना कशाला?" स्टाफरूममध्येही विचारतात, लग्नाच्या पंगतीतही. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

निकाल लागतो तो परीक्षेला बसलेल्यांचा. मी गेली कित्येक वर्षं नववीचा हजेरीपट भरते. पटावरून नाव कमी झालं की त्या ओळीवर लाल रेघ मारायची. टक्केवारी काढताना ती ओळ कुणी धरत नाही.

एक मुलगी होती, गणितात पक्की. पण सोमवारी आणि गुरुवारी पहिल्या दोन तासांना हमखास गैरहजर. विचारलं तर म्हणाली, "बाई, त्या दिवशी आई लवकर कामाला जाते, धाकट्याला मी बघते." मोठा भाऊ आमच्याकडेच अकरावीला, त्याचा एक दिवस बुडत नव्हता. सहामाहीनंतर वडील दाखला न्यायला आले. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'पालकांच्या विनंतीवरून'. सगळ्यांच्याच दाखल्यावर तसं लिहितात. तिचा लिहिताना मात्र पेन अडलं.

योजनांनी काय होतं, तेही ऐका. बिहारने 2006 साली नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी मोजलं, तर माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी वाढलेलं. शाळा 3 किलोमीटरच्या पलीकडे असलेल्या गावांत फरक आणखी ठळक. बांगलादेशाने 1994 पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेच्या मुलींना विद्यावेतन दिलं, त्याला तीन अटी होत्या: 75 टक्के हजेरी, 45 टक्के गुण आणि लग्न झालेलं नसणं. ही तिसरी अट मला फार आवडते. स्थळ घेऊन आलेल्या नातेवाइकांना आईने काय सांगायचं? "शिकू दे हो तिला" म्हटलं तर कोण ऐकतंय! "इतक्यात नको, पैसे बंद होतील" हे मात्र सगळ्यांना कळतं.

मुलगेही गळतात, कामाला जुंपले जातात. त्यांच्यासाठीही करा, माझी ना नाही. पण धाकट्याला सांभाळायला घरी कोण थांबणार, हे ठरवताना मोठ्या भावाचा विचारही कुणाच्या मनात आला नव्हता.

पुढच्या वर्षी तिच्या वर्गाचा दहावीचा निकाल लागला. मुली मुलांच्या पुढे. अक्षर बरं म्हणून फळ्यावर तो मलाच लिहायला लावला.