टँकचा गेम पुन्हा लिहायचाय? आधी त्याचं घड्याळ ठरवा

सोलापुरातली इंजिनिअरिंगची मुलं विचारतात आणि चाळिशी ओलांडलेले त्यांचे काका-मामाही विचारतात. प्रश्न दोघांचा एकच: "टीव्हीला जोडून खेळायचो तो टँकचा गेम स्वतः प्रोग्रॅम करून पुन्हा उभा करायचाय. सुरुवात कुठून करू? आणि फोनवर एमुलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारं ॲप) मिळतो, मग एवढा खटाटोप करावाच का?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

खटाटोप जरूर करावा. हा गेम म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्रासाठीचा नामकोचा १९८५ सालचा 'बॅटल सिटी'. आपल्याकडे तो 'टँक' म्हणूनच ओळखला गेला, आणि त्याची फेरफार केलेली 'टँक १९९०' ही आवृत्तीही पुष्कळ कार्ट्रिजांत होती. ३५ पातळ्या, प्रत्येकीत शत्रूचे २० टँक, दोन खेळाडू, शिवाय स्वतःचा नकाशा रचायची सोय. हे सगळं १६ केबी प्रोग्रॅम आणि ८ केबी चित्रांत मावलेलं आहे. एवढा छोटा, पूर्ण आणि अजूनही खेळावासा वाटणारा नमुना शिकायला दुसरा सापडणं कठीण. एकट्या माणसाच्या डोक्यात तो अख्खा राहू शकतो.

माझं मत ठाम आहे: पहिल्यांदा तो युनिटी किंवा गोडॉटसारख्या तयार गेम-इंजिनात लिहू नका. मूळ यंत्रासाठीच, ६५०२ असेंब्लीत, म्हणजे थेट त्याच्या प्रोसेसरच्या सूचनांत लिहा. त्या गेमची चाल, वळण, गोळीचा ठोका हे सारं त्या यंत्राच्या मर्यादांतून आलेलं आहे. मर्यादा काढून टाकल्या की चित्रं तीच दिसतात आणि हाताला मात्र काहीतरी वेगळंच लागतं.

आता मुख्य मुद्दा. फोनच्या एमुलेटरवर हा गेम लावला की आपल्याकडच्या बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया असते, "हा जरा पळतोय." ते बरोबर सांगत असतात. जपानमधलं मूळ यंत्र सेकंदाला ६०.१ फ्रेम, म्हणजे पडद्याची पूर्ण चित्रं, काढतं. आपल्याकडचे टीव्ही ५०च्या हिशेबाने चालणाऱ्या पाल पद्धतीचे, म्हणून इथे विकल्या गेलेल्या पुष्कळ नकली यंत्रांतल्या चिपा ५० फ्रेमच्या होत्या. गेमचा हिशेब फ्रेमवर चालतो, सेकंदावर नाही. एका फ्रेमला एक पिक्सेल सरकणारा टँक २०८ पिक्सेलचं मैदान ६०वर साडेतीन सेकंदांत पार करतो, ५०वर त्याला ४.२ सेकंद लागतात. संगीताचा सूर जवळजवळ तोच राहतो, कारण प्रोसेसरचा वेग १.७९ आणि १.७७ मेगाहर्ट्झ इतका जवळचा आहे. ताल मात्र सहाव्या हिश्श्याने मंदावतो. तुम्हाला जो गेम जिवंत करायचाय तो जपानमधला की सोलापुरातल्या बैठकीच्या खोलीतला, हे कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी ठरवा.

तुमचं जुनं यंत्र कोणत्या जातीचं आहे ते मोजता येतं. पहिला प्रोग्रॅम एवढाच लिहा: स्टार्ट दाबल्यावर फ्रेम मोजायच्या, पुन्हा दाबल्यावर थांबायचं, आकडा पडद्यावर दाखवायचा. स्टॉपवॉच लावून एक मिनिट चालवा. ३,६०६च्या आसपास आलं तर यंत्र ६०चं, ३,०००च्या आसपास आलं तर ५०चं. ५०मध्येही दोन प्रकार आहेत, आणि इथे बरेच जण अडकतात. युरोपच्या अधिकृत यंत्रात दोन फ्रेमांमधली मोकळी वेळ, म्हणजे पडद्यावरचं चित्र बदलायची संधी देणारा व्हीब्लँक, टीव्हीच्या ७० आडव्या ओळींइतकी असते. नकली चिपांत ती ६०च्या यंत्रासारखी २० ओळींचीच ठेवलेली असते आणि उरलेल्या ओळी तिच्या आधी घातलेल्या असतात. त्यामुळे युरोपच्या यंत्रासाठीची माहिती वाचून व्हीब्लँकमध्ये भरमसाट काम टाकलंत तर नकली यंत्रावर चित्र फाटतं. मेसेन एमुलेटरच्या सेटिंगमध्ये 'डेंडी' नावाचा प्रदेश आहे, तो नेमका याच चिपांचा. सगळी चाचणी त्यावर करा.

वेग ५० आणि ६० दोन्हीकडे सारखा हवा असेल तर टँकचं स्थान एका बाइटऐवजी दोन बाइटांत ठेवा, खालचा बाइट अपूर्णांकाचा. फ्रेमला पाऊण पिक्सेल म्हणजे २५६पैकी १९२. तोच वेग ५०वर हवा तर २३१. पण गोळीच्या बाबतीत हा हिशेब घात करतो. विटेचा सर्वांत लहान तुकडा ४ पिक्सेलचा असतो. गोळी फ्रेमला ४ पिक्सेल जात असेल तोवर ती कोणताही तुकडा चुकवत नाही; ५०साठी ती ४.८ केलीत की अधूनमधून एखादी गोळी भिंतीतून आरपार जाते, आणि ही चूक रोज दिसत नसल्यामुळे शोधायला फार त्रास देते. उपाय असा की गोळीची हालचाल एका फ्रेममध्ये दोन टप्प्यांत करा आणि प्रत्येक टप्प्याला टक्कर तपासा. समोरासमोर येणाऱ्या दोन गोळ्यांनाही हेच लागू. त्या एकमेकींकडे दुप्पट वेगाने येतात आणि टप्पे पाडले नाहीत तर न भिडता निसटतात.

साधनं फुकट आहेत: असेंब्लरसाठी सीसी६५ संचातले सीए६५ आणि एलडी६५, चित्रांसाठी वायवाय-सीएचआर, आवाजासाठी फॅमीस्टुडिओ, चाचणीसाठी मेसेन. ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरेसा होतो. फाइलच्या सुरुवातीला १६ बाइटांचं शीर्षक लागतं, त्यात प्रोग्रॅम १६ केबीच्या किती गठ्ठ्यांचा आणि चित्रं ८ केबीच्या किती गठ्ठ्यांची हे सांगायचं. आपल्यासाठी दोन्हीकडे १.

चित्रांचा भाग सोलापूरकरांना समजावायला सोपा आहे. जॅकार्ड चादरीचा डिझायनर ग्राफ पेपरवर चौकोन भरतो, तसाच इथे ८ बाय ८ चौकोनांचा एक टाइल भरायचा असतो. एका टाइलला १६ बाइट लागतात, पार्श्वभूमीसाठी असे २५६ टाइल मिळतात. रंगांची अट कडक आहे: पार्श्वभूमीला चार पॅलेट, प्रत्येकात तीन रंग आणि एक सगळ्यांचा सामाईक, आणि पॅलेट निवडायचा तो १६ बाय १६च्या ठोकळ्याला एकच. म्हणून मैदान डावीकडून आणि वरून बरोबर १६ पिक्सेलवर सुरू करा. १३ बाय १३ ठोकळे म्हणजे २०८ पिक्सेल, उजवीकडे ३२ पिक्सेल उरतात, तिथे शिल्लक टँक आणि पातळीचा आकडा दाखवता येतो. मैदान ८ पिक्सेलने जरी सरकवलंत तरी पाण्याचा निळा विटांवर सांडतो.

वीट हा या गेममधला सर्वांत सुंदर भाग. एका टाइलचे ४ बाय ४चे चार तुकडे धरा आणि त्यांना १, २, ४, ८ असे बिट द्या: वर डावा, वर उजवा, खाली डावा, खाली उजवा. मग टाइल क्रमांक ० ते १५ याच विटेच्या १६ अवस्था होतात आणि क्रमांक हाच नकाशातला मजकूर. खालून गोळी लागली की १५चं ३शी 'अँड' केलं (दोन्हींत असलेले बिटच ठेवले), उरले वरचे दोन तुकडे. वेगळं कोष्टक नको, वेगळी स्मृती नको. एक गोष्ट मात्र सांभाळा. टँक १६ रुंद, त्याची गोळी मधोमध सुटते, म्हणजे ती दोन टाइलांच्या सीमेवर आदळते. दोन्ही टाइलांचे तुकडे उडवायला हवेत. एकाचेच उडवलेत तर भोक ८ पिक्सेलचं होतं आणि टँक त्यातून जात नाही. नकाशा २६ बाय २६ टाइलांचा आहे, पण रॅममध्ये एका ओळीला ३२ बाइट द्या. ८३२ बाइट जातात, एकूण २,०४८पैकी ते परवडतात, आणि गुणाकाराऐवजी नुसतं बिट सरकवून पत्ता मिळतो.

वळणाबद्दल कोणी बोलत नाही, पण हाताला 'तोच गेम' वाटायला लावणारी गोष्ट तीच. टँक वळताना त्याचं स्थान जवळच्या ८च्या पटीवर आणून ठेवा. हे केलं नाही तर १६ पिक्सेलच्या गल्लीत शिरायला खेळाडूला एकेक पिक्सेल जुळवावा लागतो आणि तो दोन मिनिटांत कंटाळतो. नकली रिमोटची रबरी पट्टी झिजलेली असते, वर आणि डावं एकदम दाबलं जातं. तेव्हा नव्याने दाबलेल्या दिशेला मान द्या. दुसऱ्या रिमोटला बऱ्याचदा स्टार्ट-सिलेक्ट नसतात, म्हणून दुसऱ्या खेळाडूचं काहीही त्यांवर अवलंबून ठेवू नका.

पडद्यावर लिहिताना शिस्त लागते. व्हीब्लँकमध्ये प्रोसेसरच्या सुमारे २,२७३ सायकल मिळतात. त्यातली ५१३ स्प्राइटांची (पार्श्वभूमीवर हलणाऱ्या छोट्या चित्रांची) माहिती उतरवणाऱ्या $४०१४ या पत्त्याला जातात. उरलेल्यात २५-३० टाइल आरामात बदलता येतात, त्यामुळे उडालेल्या विटांची रांग रॅममध्ये जमवा आणि व्हीब्लँक आला की एकदम लिहून टाका. शेवटी पडद्याची सरक ठरवणाऱ्या $२००५ या पत्त्यावर दोनदा शून्य लिहायचं राहिलं तर अख्खं मैदान उडी मारतं. स्प्राइटांची अडचण निराळी: एका आडव्या ओळीत आठच दिसतात. एक टँक दोन स्प्राइट रुंद असल्यामुळे एका रांगेत चार टँक आले की हद्द संपली. दोघे खेळत असताना शत्रूचे सहा आणि आपले दोन एकाच रांगेत आले तर निम्मे गायबच होतात. स्प्राइटांचा क्रम दर फ्रेमला फिरवत ठेवा, मग ते गायब न होता लुकलुकतात. ते लुकलुकणं काढायच्या मागे लागू नका. ते त्या यंत्राचंच आहे.

मजकूर मराठीत हवा, असं पुष्कळांना वाटतं आणि मला ते फार आवडतं. ८ बाय ८मध्ये ०–९ आकडे नीट बसतात, पण मात्रा-वेलांट्या बसत नाहीत. पूर्ण वर्णमालेचा फाँट करायला जाऊ नका, टाइल संपतील. लागणारे शब्दच चित्रं म्हणून काढा: 'खेळ संपला', 'पातळी', 'दोन खेळाडू'. ४८ बाय १६चा एक शब्द १२ टाइल खातो. उंची १६ घ्या, शिरोरेषा वरून पाचव्या ओळीवर, म्हणजे वेलांटीला वर चार ओळी आणि उकाराला खाली तीन मिळतात. शिरोरेषेचा सरळ तुकडा आणि काना अनेक शब्दांत तोच येतो, ते टाइल पुन्हा वापरा.

चित्रं, संगीत, नकाशे आणि नाव स्वतःचंच ठेवा. मूळ रॉम (गेमची फाइल) वाटू नका, त्यातले टाइल उचलू नका. कल्पना आणि नियम घेऊन नवं लिहिणं ही वेगळी गोष्ट. विटांच्या जागी भुईकोट किल्ल्याचे बुरूज आणि पाण्याच्या जागी सिद्धेश्वर तलाव आला तर गेम तुमचाही होतो.

एमुलेटरवर चालतो आणि खऱ्या यंत्रावर काळा पडदा, अशी तक्रार आली की आधी दोन गोष्टी बघा. सुरुवातीला दोन व्हीब्लँक थांबलात का? आणि रॅम स्वतः पुसलीत का? यंत्र चालू होताना रॅममध्ये काहीही असू शकतं; मेसेनमध्ये सुरुवातीची रॅम यादृच्छिक ठेवायची सोय आहे, ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. यादृच्छिक आकड्यांसाठी १६ बिटांचा शिफ्ट रजिस्टर (बिट सरकवत नवे आकडे काढायची युक्ती) वापरत असाल तर तो शून्य होऊ देऊ नका, एकदा शून्य झाला की शून्यच राहतो आणि शत्रू एकाच दिशेला चालत सुटतात.

यंत्रासाठी नवी पेठेतल्या रिपेअरवाल्यांकडे चौकशी करा. अडॅप्टर जोडण्याआधी यंत्रावरचं प्लस-मायनसचं चिन्ह आणि अडॅप्टरचं चिन्ह जुळवा. नकली यंत्रांत दोन्ही प्रकार सापडतात. साध्या ट्रान्सफॉर्मरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर भार नसताना १२-१३ व्होल्टही दाखवतो, जास्तीचा ताण आतल्या ७८०५वर (५ व्होल्ट स्थिर देणाऱ्या चिपवर) येतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो आणखी तापतो. ५ व्होल्ट स्थिर मिळतात का ते मीटरने बघा, मगच कार्ट्रिज घाला.

कार्ट्रिज स्वतः बनवायचं तर प्रोग्रॅमला २७सी१२८ आणि चित्रांना २७सी६४ ईप्रॉम (अतिनील प्रकाशाने पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपा) लागतात. नावातला 'सी' महत्त्वाचा आहे. जुन्या २७६४ला लिहिताना २१ व्होल्ट लागतात आणि बरेच स्वस्त प्रोग्रॅमर (चिपवर लिहिणारी उपकरणं) तेवढे देत नाहीत. स्वस्त कार्ट्रिजांच्या बोर्डवर काळ्या लाखेचा ठिपका असतो, तिथे चिप बदलता येत नाही. ६० पिनांचा कोरा बोर्ड मागवा. विकत मिळणारे ईप्रॉम बहुधा जुन्या बोर्डांवरून काढलेले असतात, म्हणून आधी कोरे आहेत का ते प्रोग्रॅमरवर तपासा, नसतील तर अतिनील दिव्याखाली १५-२० मिनिटं ठेवा. लिहून झाल्यावर काचेच्या खिडकीवर अपारदर्शक लेबल लावा, थेट उन्हात आठवडाभर राहिली तर चिप पुसली जाते. लेबलवर आवृत्तीचा क्रमांक लिहा आणि दोन्ही चिपांवर तो सारखाच आहे ना ते बघूनच बसवा. प्रोग्रॅम नवा आणि चित्रं जुनी अशी जोडी झाली तर गेम बिनचूक चालतो, फक्त विटांच्या जागी अक्षरांचे तुकडे दिसतात, आणि तुम्ही उगाच कोडमध्ये चूक शोधत बसता.