तुमची आजी कशानं गेली?

लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्स भागात, चर्चच्या हॉलमध्ये, महिन्यातून एका शनिवारी आमचा वर्ग भरतो. येणाऱ्या बहुतेक जणी मेक्सिकोतून आलेल्या, नाहीतर तिथून आलेल्या आईबापांच्या लेकी. विषय असतो घराण्यातून उतरणारा कॅन्सर. मी जनुकीय समुपदेशक आहे, पण वर्ग खऱ्या अर्थानं चालवते ती आमची प्रोमोतोरा, म्हणजे त्याच वस्तीतली आरोग्यसेविका. साठी ओलांडलेली, मूळची मेक्सिकोतल्या हालिस्को राज्याची. सगळ्या तिला दोन्या म्हणतात, मीही.

पहिल्या वर्षी मी इंग्रजी पत्रकाचं स्पॅनिश भाषांतर घेऊन गेले होते. भाषांतर चोख होतं, टक्केवारीचा तक्ताही होता. बायकांनी ते अदबीनं घेतलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. तपासणीसाठी एकीचाही फोन आला नाही. खुर्च्या आवरताना दोन्या म्हणाली, "मिहा (म्हणजे पोरी), तू त्यांना त्यांच्या आजाराचं विचारतेस. आजीचं विचार."

आता सुरुवात आजीपासूनच होते. मोठ्या कागदावर घराण्याची वंशावळ, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. आजी कशानं गेली? उत्तर ठरलेलं: 'मात्रिस'च्या कॅन्सरनं. मात्रिस म्हणजे गर्भाशय, पण घरच्या बोलण्यात त्याच शब्दात गर्भाशयाचं तोंड आणि अंडाशयसुद्धा येतं. मला फरक कळणं भाग असतं, कारण अंडाशयाचा कॅन्सर असेल तर बीआरसीए जनुकांची, म्हणजे ज्यांतल्या घातक बदलानं स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो त्यांची, शंका घ्यावी लागते, गर्भाशयाच्या तोंडाचा असेल तर नाही. मग मी विचारते, पोट फुगलं होतं का? त्यातून पाणी काढायचे का? तेव्हा वय काय होतं? चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या पोटाबद्दल नाती इतकं बारकाईनं सांगतात की माझं पेन थांबतं.

एखादी हमखास म्हणते, मावशीच्या छातीला मार लागला, त्यातून झालं. मारानं कॅन्सर होत नाही, हे मी स्पष्ट सांगते. पण दुखलं म्हणून हात गेला आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा लागली, असं होऊ शकतं. हे त्यांना पटतं, कारण त्यात मावशी खोटी ठरत नाही.

टक्केवारी दोन्यानं घेवड्याच्या दाण्यांवर आणली. लोतेरिया या हौजीसारख्या मेक्सिकन खेळात चित्रांवर ठेवतात ते दाणे. एक लाल, म्हणजे बदल असलेलं जनुक, एक पांढरा, म्हणजे बदल नसलेलं, दोन्ही मुठीत. एकीनं डोळे मिटून एक उचलायचा, परत ठेवायचा, मग दुसरीनं उचलायचा. एका शनिवारी तिघींच्या हाती लागोपाठ लालच आला आणि हॉल गप्प झाला. प्रत्येक मुलाची सोडत नव्यानं होते, हे त्या दिवशी मला वेगळं सांगावं लागलं नाही. नंतर दोन्यानं तेच दाणे तिथं आलेल्या एका नवऱ्याच्या हातात दिले. बापाकडूनही बदल उतरतो, आणि नेमकी तीच बाजू कागदावर कोरी राहते.

त्या तिघींतल्या एकीला ३८व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर होऊन गेला होता. तिच्यात बीआरसीए-१ मधला एक मोठा तुकडाच गळालेला निघाला, एक्सॉन (जनुकाचे भाग) ९ ते १२. हा बदल मेक्सिकन घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. डीएनएची नुसती अक्षरं वाचणाऱ्या जुन्या तपासणीतून असा तुकडा निसटू शकायचा. बीआरसीए-१ मध्ये घातक बदल असेल तर ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण ७० टक्के असतो. अमेरिकेतल्या सर्वसाधारण बाईला तो १३ टक्क्यांच्या आसपास. पण हे आधी कळलं तर दरवर्षी एमआरआय करता येतो, मुलंबाळं झाल्यावर ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशय काढण्याचा विचार करता येतो.

तिला स्वतःची भीती नव्हती. "मी हे माझ्या पोरीला दिलं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. दोन्यानं तिचा हात धरला आणि विचारलं, "तुला कुणी दिलं? तिच्यावर रागावलीस?" ती बराच वेळ रडली.

मग विम्याचा प्रश्न आला. २००८च्या संघीय कायद्यानं आरोग्यविमा कंपनीला किंवा नोकरी देणाऱ्या मालकाला जनुकीय अहवालावरून भेदभाव करता येत नाही. आयुर्विम्याला मात्र तो कायदा लागू नाही. हे दुसरं वाक्य मी कधीच गाळत नाही. ते नंतर दुसरीकडून कळलं तर त्या माझ्यावर पुन्हा विश्वास का ठेवतील?

जाताना तिनं दोन्याकडून दोन दाणे मागून घेतले. रविवारी सगळे जेवायला जमणार होते.

तीन आठवड्यांनी तिचा भाऊ आला, टोपी मांडीवर धरून बसला. आधी बोलेना. मग खिशातून रुमालात बांधलेला लाल दाणा काढून टेबलावर ठेवला. त्याच्या चौकोनाखाली मी दोन गोल काढले. थोरली बावीस वर्षांची आहे.