आईच्या नावाने संघदान : माझा अनुभव

आई गेल्यावर तिचा जलदान विधी, म्हणजे आम्हा बौद्धांचा मृत्यूनंतरचा पुण्यविधी, रीतसर झाला होता, पण वर्षावासात, म्हणजे भिक्खू पावसाळ्यात एकाच जागी राहतात त्या काळात, भिक्खूसंघाला घरी बोलावून भोजनदान द्यायची तिची इच्छा राहून गेली होती. यंदा ती पुरी करायचीच, असं आम्ही भावंडांनी ठरवलं.

नागपुरात आषाढी ते आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारांत निमंत्रणांची रीघ असते. रविवार केव्हाच भरले होते, मधला वार मिळाला. ओळखीच्या भन्तेजींचं, म्हणजे भिक्खूंचं, नाव न घेता मी संघालाच निमंत्रण दिलं. बुद्धांना सांभाळणारी मावशी महाप्रजापती गौतमी हिने त्यांच्यासाठी स्वतः कातून विणलेलं वस्त्र आणलं, तेव्हा भगवंतांनी तिला ते संघाला द्यायला सांगितलं, त्यात आपलाही सन्मान होतो म्हणाले. दक्खिणाविभंग सुत्तातला हा प्रसंग आईला फार प्रिय होता. संघ म्हणजे निदान चार भिक्खू, त्या हिशेबाने तयारी केली.

खरी घाई वेळेची. माध्यान्हानंतर भिक्खू जेवत नाहीत, म्हणून पहाटेच चूल पेटली. वरण-भात, पोळ्या, वांग्याची भाजी, खीर. आधी त्रिशरण-पंचशील, मग परित्राण पाठ, म्हणजे रक्षणासाठी म्हटली जाणारी सुत्तं, मग वाढणं. नुसतं समोर मांडून ठेवलेलं चालत नाही. पाणी आणि दातवण सोडलं, तर कुणी हाताने दिल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही, असा विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचा, नियम आहे. भाताचं जड पातेलं एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने भावाने उचललं. भन्तेजींनी काठाला हात लावून ते स्वीकारलं आणि मला भरून आलं.

जेवणानंतरच्या धम्मदेसनेत भन्तेजींनी सांगितलं की, अन्न देणारा आयुष्य, वर्ण म्हणजे कांती, सुख, बळ आणि प्रतिभा अशा पाच गोष्टी देतो, आणि त्याच पाच त्याला लाभतात. मग पुण्यानुमोदन, म्हणजे दानाचं पुण्य गेलेल्या आप्तांना अर्पण करणं. ‘इदं मे ञातीनं होतु, सुखिता होन्तु ञातयो’ (हे माझ्या आप्तांना लाभो, आप्त सुखी होवोत) म्हणत आम्ही वाटीत पाण्याची धार धरली. वाटी भरून वाहू लागली, तोवर सगळे साधु, साधु, साधु म्हणत होते.

हल्ली भोजनदानाचेही बॅनर लागतात, फोटोसाठी ताट पुन्हा पुन्हा धरलं जातं. मला ते पटत नाही. देण्याआधी मन आनंदी, देताना प्रसन्न, दिल्यावर समाधानी, अशी दात्याची तीन अंगं भगवंतांनी सांगितली आहेत. भिक्खू काय जेवले, किती जेवले, याला त्यात जागाच नाही. पुण्य म्हणतात ते याच मनात पिकतं, असं मला आता ठाम वाटतं.

आश्विन पौर्णिमेनंतर महिनाभरात विहारात कठिन चीवरदान, म्हणजे वर्षावास संपल्यावर संघाला वस्त्र देण्याचा सोहळा, होईल. त्यासाठी धाकटी बहीण आतापासून पैसे बाजूला टाकते आहे.