लेहच्या थंडीसाठी हुडाची काउल : आतापर्यंतचे काम

काउल म्हणजे डोक्यावरून घालायची, मोकळी टोके नसलेली गळपट्टी. तिलाच वर हुड विणून काढला की कानटोपी आणि गळपट्टी ही दोन्ही कामे एका वस्त्रात होतात. माझी भाची नोकरीनिमित्त लेहला असते. ते गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असून जानेवारीत तेथे रात्रीचा पारा उणे दहा अंशांच्याही बराच खाली उतरतो. तिच्यासाठी ही काउल मी हर्णैला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, क्रोशाने विणते आहे. दापोलीच्या पठारावर पौषात निदान शेकोटी तरी लागते. आमच्याकडे किनाऱ्यावर लोकर हातात धरायची तर पहाटेचीच वेळ बरी.

आपल्याकडील बहुतेक जणींचा हात पांढऱ्या सुती दोऱ्यावर आणि बारीक पोलादी सुईवर बसलेला असतो. तोरण, थाळपोस, टीव्हीवरचा रुमाल यांत सगळे सौंदर्य जाळीचे. कोठे किती भोक सोडायचे यालाच तेथे नक्षी म्हणतात. गरम कपड्यात हीच सवय आड येते. लोकर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, ती तंतूंमध्ये हवा स्थिर धरून ठेवते, आणि विणीला भोके असली की वारा ती हवा हुसकावून लावतो. म्हणून या कामातील प्रत्येक निर्णय मी एकाच कसोटीवर घेतला : भोक बुजते की नाही, आणि ते बुजताना वीण फुगीर राहते की नाही.

लोकर मेरिनो निवडली. ॲक्रिलिक स्वस्त असते, यंत्रात धुता येते आणि कसर त्याच्या वाटेला सहसा जात नाही, हे सर्व मान्य आहे. परंतु भाचीच्या खोलीत बुखारी, म्हणजे खोली गरम ठेवणारी शेगडी, पेटलेली असते, आणि ॲक्रिलिक ज्वाळेजवळ वितळून ठिबकते, तर खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही. दुसरे असे की नाकातोंडावर ओढलेल्या काउलमध्ये श्वासाची वाफ साठते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही, ॲक्रिलिक मात्र ते फारसे शोषतच नाही. मध्यम जाडीचे, शंभर ग्रॅमचे तीन गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, घेतले आहेत. वेष्टनावर ५.५ मिलिमीटरची सुई सुचवलेली होती. मी ५ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची घेतली. ४.५ च्या सुईने नमुना आणखी घट्ट येतो खरा, पण तो ताठ होतो आणि हवा धरायला त्यात जागाच उरत नाही.

टाका अर्ध्या खांबाचा आहे : सुईवर वेढा घेऊन टाक्यात सुई घालायची, दोरा ओढून घ्यायचा आणि सुईवरचे तिन्ही वेढे एकदम सोडवायचे. पूर्ण खांब उंच असल्याने दोन खांबांमध्ये फट राहते, आणि मुका खांब दाट असला तरी जड व कडक होतो. अर्ध्या खांबाची खरी गंमत त्याच्या पाठीमागच्या आडव्या तिसऱ्या धाग्यात आहे. पुढच्या फेरीत टाक्याच्या माथ्यावरच्या नेहमीच्या दोन पात्यांऐवजी या तिसऱ्या धाग्यात सुई घातली, की त्या दोन पात्या दर्शनी बाजूस कलंडतात आणि वेणीसारखी आडवी रेघ उठते. वीण दुपदरी भासते, सुयांवरच्या विणकामासारखी ताणते, आणि उजेडासमोर धरली तरी पलीकडचे फारसे दिसत नाही. जाळी बुजवण्याचा याहून सोपा उपाय मला ठाऊक नाही.

दहा सेंटिमीटरमध्ये १४ टाके आणि १० ओळी असे माप बसले. येथे किनाऱ्यावरच्या मंडळींसाठी एक सूचना : दमट दुपारी बोटे ओलसर असतात, दोरा बोटावर अडकत सरकतो आणि टाका नकळत आवळला जातो. पहाटेचा नमुना आणि दुपारचा नमुना यांत एवढा फरक पडतो, की मापाचा चौकोन आणि प्रत्यक्ष काम दिवसाच्या एकाच वेळी केलेले चांगले.

गळ्याच्या नळीसाठी ८४ टाके घातले, म्हणजे ६० सेंटिमीटर घेर. डोक्याचा घेर ५६ असल्याने ती आरामात उतरते. मात्र सुरुवातीची साखळी एक आकडा मोठ्या सुईने घालावी, नाहीतर सगळी वीण ताणते आणि खालची कडच तेवढी अडते. फेऱ्या न जोडता गोल गोल चढत गेले आणि २५ सेंटिमीटरवर थांबले. अशा कामात फेरीचा आरंभ हळूहळू तिरका सरकत असतो, त्यामुळे समोरचा मध्य आधी ठरवून उपयोग नाही. नळी पूर्ण झाल्यावर ती सपाट ठेवून मध्य शोधला आणि तेथे खुणेचा रंगीत दोरा बांधला.

हुडासाठी समोरचे १२ टाके सोडून उरलेल्या ७२ टाक्यांवर ओळी मागेपुढे चालू आहेत. आता काम दर ओळीला उलटत असल्याने तिसरा धागा नळीतल्यासारखा नेहमी मागच्या बाजूवर राहत नाही. उलट ओळीत तिसऱ्या धाग्यात आणि सुलट ओळीत फक्त मागच्या पातीत सुई घातली, तर रेघा सगळ्या बाहेरच उठतात. अगदी बारकाईने पाहिल्यास एकाआड एक रेघ किंचित वेगळी दिसते, पण ते मला चालते. ३३ ओळींपैकी वीसेक झाल्या आहेत. शेवटच्या सहा ओळींत मागच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी करीन, म्हणजे ६० उरतील आणि ३०-३० चे दोन भाग वरून जोडले जातील. सरळ आयत दुमडून शिवलेल्या हुडाला जे टोक येते, ते मला लहान मुलांच्या टोपड्यातच शोभते असे वाटते.

चेहऱ्याभोवतीच्या कडेसाठी दर पाच ओळींमागे सहा टाके उचलायचे आहेत. वीण सपाट राहण्यासाठी सातही चालले असते, परंतु कड थोडी आत ओढली गेली तरच ती गालाला चिकटून राहील. त्यावर मागच्या पातीतल्या मुक्या खांबांची उभी पट्टी येईल.

कानांपाशी जुन्या लोकरी शालीच्या मऊ तुकड्याचे अस्तर लावणार आहे. कापड ताणत नाही आणि वीण ताणते, म्हणून कोमट पाण्यात भिजवून, पंच्यात दाबून, सपाट वाळवलेल्या कामावरच अस्तर थोडे ढिले ठेवून टाचावे लागेल. वाळवण पहाटे मतलई वारा असताना अंगणात करीन. दुपारी खारे वारे सुटले की येथे लोकर वाळता वाळत नाही. तोवर उरलेली लोकर घट्ट झाकणाच्या डब्यात, कसरीसाठी डांबर गोळ्या कापडात बांधून ठेवली आहे.

चेहऱ्याभोवतीची कड आवळायच्या नाडीचा प्रश्न तेवढा बाकी आहे. नाडी धरून ठेवणारी धातूची कळ उणे तापमानात हनुवटीला लागणे नको, म्हणून करवंटीचे दोन मोठे मणी घासून घेतले आहेत, पण त्यांच्या भोकांतून साखळीची दुहेरी दोरी जाते की एकेरीच पुरे करावी लागते, हे कड विणून झाल्यावर पाहीन.